रुपालीचा कॉम्प्युटर आणि माझी सही

आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगतात. पाण्याचा जार कुठे आहे, शेठ किती वाजता येतात, आणि रुपालीबेनला "जरा हस की" म्हणायचं नाही. एका दलालाने म्हटलं होतं. ती खुर्चीवरून उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कशावर हसू? विनोद सांगा. आवडला तर हसते." तो माणूस खरंच विनोद आठवत उभा राहिला आणि शेवटी साड्यांचे नमुने न दाखवताच निघून गेला.

रुपाली खैरनार माझ्याशेजारी चौदा वर्षं बसते. सुरतेत रिंग रोडवरच्या कापड मार्केटात चौथ्या मजल्यावर आमची जागा आहे. साडीवर मशीनने भरतकाम करायचं तर सुई कुठून निघून कुठे टोचायची हे मशीनला आधी कॉम्प्युटरवर आखून द्यावं लागतं. त्याला आमच्याकडे पंचिंग म्हणतात. मी ते काम करतो, तीही करते. फरक एवढाच की माझं डिझाइन कारखान्यातून दुरुस्तीला परत येतं, तिचं येत नाही.

तिचे वडील बळीराम अमळनेरकडून लिंबायतला आले आणि आयुष्यभर मागावर उभे राहिले. दहावीनंतर रुपालीची शाळा सुटली. आई मंगलाबाईंबरोबर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणं सुरू झालं. पुढे तिने सहा महिन्यांचा क्लास करून पंचिंग शिकून घेतलं. लग्न ठरलं होतं एकदा. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितली, हिने मुलगा सोडला. आता ती चौतिशीची आहे. वडील गेले, भाऊ नितीन बायको-मुलांसह उधन्याला राहतो, आणि लिंबायतच्या दोन खोल्यांत या दोघी मायलेकी.

तिला गेम खेळायला आवडतं. हे मला बारा वर्षं माहीत नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनेच सांगितलं.

तेरा वर्षांची असताना गल्लीत सायबर कॅफे निघाला होता. नितीन रोज जायचा. एक दिवस हीसुद्धा दहा रुपये घेऊन गेली आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून बसली. कुणीतरी घरी कळवलं. वडील दारात येऊन उभे राहिले आणि सगळ्या पोरांसमोर एकच शब्द बोलले, "ऊठ." ती उठली. तिची वेळ अजून संपली नव्हती, म्हणून त्याच खुर्चीत नितीन बसला.

"माझी गाडी दुसरी होती, भाऊ," डबा बंद करता करता ती म्हणाली. "त्याने ती पाचवी आणली. आणि वर घरी येऊन मला सांगितलं."

वीस वर्षांनी सांगतानाही तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. मी म्हटलं, जाऊ दे गं, लहानपणची गोष्ट. ती म्हणाली, "तुमची असती तर गेली असती."

गेल्या वर्षी तिने ठरवलं की स्वतःसाठी गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा. बजेट साठ हजार. पडदा, म्हणजे मॉनिटर, ऑफिसातला जुना शेठकडून मिळाला होता, बाकी सगळं नवं. साठ हजारात गेमिंगचा कॉम्प्युटर म्हणजे लग्नाच्या जेवणावळीत हात आखडता घेण्यासारखं आहे. एका ठिकाणी वाढवलं की दुसरीकडे कमी पडतं. प्रोसेसर भारी घेतला तर ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागतं, आणि गेम तर कार्डावरच चालतो. तिने पाच महिने अभ्यास केला. पंचिंगचे रंग मांडायच्या वहीत मागच्या पानांवर यादी लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. सहा कोअरचा प्रोसेसर पुरे. मदरबोर्ड असा, की तीन वर्षांनी प्रोसेसर बदलता यावा. ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं, त्यात तडजोड नाही. कॅबिनेट साधं, पुढून जाळीचं, कारण सुरतेच्या उन्हाळ्यात काचेच्या पेटीत कार्ड भाजून निघेल.

आणि पॉवर सप्लाय उत्तम कंपनीचा. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी पोचवणारा हा डबा. लोक यातच पैसे वाचवतात, कारण तो दिसत नाही. रुपालीने यादीत त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"आमच्या घराखाली माग आहेत," ती म्हणाली. "बारा माग एकदम सुरू झाले की आमचे दिवे मान टाकतात. तिथे फालतू डबा चालायचा नाही."

यादी पक्की झाली आणि दिवाळीनंतर रॅमचे भाव भडकले. जगात कुठेतरी एआयची मोठमोठी केंद्रं उभी राहत होती, सगळी रॅम तिकडे चालली होती, म्हणून लिंबायतच्या रुपालीला सोळा जीबीची पट्टी दुपटीहून महाग. त्या दिवशी तिने यादीत बत्तीसच्या जागी सोळा लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

माझ्याकडे स्कूटर आहे म्हणून दुकानं बघायला मी तिच्याबरोबर गेलो. तीन दुकानांत रॅमच नव्हती. चौथं स्टेशनकडच्या एका कॉम्प्लेक्समधलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. रुपाली म्हणते, लिहा. मालकाला मी केतनभाई म्हणतो.

केतनभाईंनी मला खुर्ची दिली. तिला दिली नाही. तिने यादी पुढे केली, त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "भाई, गेमिंग माटे? छोकरा माटे?"

"माझ्यासाठी," रुपाली म्हणाली.

केतनभाई हसले. "बेन, लुडो तो मोबाइलमां पण चाले."

आणि मीही हसलो. खोटं कशाला सांगू? मोठ्याने नाही, पण हसलो. रुपालीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती केतनभाईंना यादीतल्या एकेका वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर वाचून दाखवत राहिली. ते उत्तरं मला देत राहिले. प्रश्न डावीकडून यायचा, उत्तर उजवीकडे जायचं. त्यांनी रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट दाखवलं, "लाइटवाळुं लो, बेनने गमशे," बेनला आवडेल म्हणे. ती म्हणाली, दिव्यांचे पैसे कार्डात घाला. दुसरीकडे रॅम मिळत असती तर ती त्या दुकानातून तशीच निघाली असती. तिने सगळे नंबर कोटेशनवर लिहून घेतले, अर्धे पैसे आगाऊ दिले. सगळं जोडून शनिवारी मिळणार होतं.

शनिवारी लग्नसराईची तातडीची ऑर्डर होती, ती उठू शकत नव्हती. मी कडोद्‌ऱ्याच्या कारखान्यात नमुना देऊन येणारच होतो. तिने उरलेले पैसे आणि कोटेशन माझ्याकडे दिलं. म्हणाली, "नंबर जुळवून घ्या. काही वेगळं असलं तर मला फोन करा."

पुढचं लिहायला मला आवडत नाही.

केतनभाईंनी चहा मागवला. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ते कार्ड संपलं, पण त्याच्याहून चांगलं घातलंय. पॉवर सप्लायही दुसऱ्या कंपनीचा आहे, पण सगळे सारखेच. "ए तो बधा सरखा ज होय, भाई. तमे तो जाणो छो."

तमे तो जाणो छो. तुम्हाला तर माहीतच आहे. मला काहीही माहीत नव्हतं. फोन खिशात होता. एक बटण दाबायचं, "रुपाली, हे असं म्हणतायत," एवढंच विचारायचं. पण दुकानात आणखी चार-पाच पुरुष होते, आणि मला त्यांच्यासमोर असं म्हणवेना की थांबा, बाईला विचारून सांगतो. केतनभाईंनी बिल पुढे केलं. त्यावर "बदल चालेल" असं लिहून मी सही केली. ठसठशीत.

संध्याकाळी कॅबिनेट लिंबायतला पोचवलं. मंगलाबाईंनी दारातच त्यावर हळदकुंकू वाहिलं. रुपालीला बदलाचं मी सांगितलं, पण कसं, तर जाता जाता, जिन्यातून, "अगं, कार्ड जरा वेगळं आहे, पण भारी आहे म्हणे." बिल पाकिटात घालून दिलं आणि उतरलो.

रविवारी दुपारी तिने पहिला गेम लावला. विसाव्या मिनिटाला कॅबिनेटच्या मागून तडतड आवाज आला आणि जळका वास सुटला. मंगलाबाई बाजूलाच गहू धूत बसल्या होत्या. त्यांनी ओल्या हाताने पिन ओढली. ओल्या हाताने. काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, आणि ते रुपालीने मला सोमवारी एकदा नाही, तीनदा सांगितलं.

सोमवारी ती ऑफिसात आली ती थेट माझ्या टेबलाशी. बिल ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी. अगं, तो म्हणाला..."

"तो काय म्हणाला ते नाही विचारलं. पैसे कुणाचे?"

"तुझे."

"घर कुणाचं?"

"तुझं."

"मग चालेल की नाही ते तुम्ही कसं ठरवलं?"

अख्खं ऑफिस ऐकत होतं. मी म्हटलं, माझा हेतू वाईट नव्हता. ती म्हणाली, "माझ्या बापाचाही नव्हता. कुणाचाच नसतो. फोन का नाही केलात?"

 तिला कारण माहीत होतं, ते मी बोलावं एवढीच तिची मागणी होती. ते मला जमलं नाही. तिने रात्रीत, म्हणजे मी गाढ झोपलेलो असताना, झाकण उघडून सगळे भाग तपासले होते. खोक्यावरचा नंबर आणि आतल्या कार्डावरचा नंबर वेगळे होते. कार्डाच्या पंख्यांच्या पात्यांखाली जुनी धूळ बसलेली होती, स्क्रू घासलेले होते. कंपनीच्या साइटवर नंबर घातला तर वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच संपलेली. आभासी नाणी कमावण्यासाठी क्रिप्टोवाल्यांनी अहोरात्र तापवलेली असली कार्डं पुसून नव्या खोक्यात भरतात, तिने मला थंडपणे समजावलं. पॉवर सप्लायवर पाचशे वॅटचा स्टिकर होता आणि तो स्टिकर निघत होता. खाली दुसराच आकडा.

मंगळवारी दोघांनी अर्धी रजा टाकली. कॅबिनेट मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. मला धरू दिलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "तिथे तुम्हाला एक वाक्य बोलायचं आहे. मला कळत नव्हतं, मी सही करायला नको होती. त्या वाक्याला शेपूट लावायचं नाही."

केतनभाई आम्हाला बघून उभे राहिले, माझ्याकडे हात पुढे केला. रुपालीने कॅबिनेट काउंटरवर ठेवलं, कार्ड आणि जळका डबा शेजारी मांडला आणि सांगितलं काय झालं ते. आवाज चढवला नाही.

त्यांनी बिलाची स्वतःकडची प्रत काढली. माझी सही बोटाने दाखवली, भाईंनी बघून केलीय म्हणे. "भाईए जोईने सही करी छे. बेनने नहीं समजाय, भाई, तमे समजावो."

आता माझी पाळी होती. दुकानात गिऱ्हाईक होतं.  पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, दोन मुलांचा बाप, आणि एक साधं वाक्य बोलता येईना. त्या क्षणी मला केतनभाईंचा राग नव्हता. रुपालीचा आला होता. हिने मला इथे का उभं केलं, असं वाटत होतं. मग तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिला माझ्याकडून फारशी अपेक्षा नव्हती, आणि ते मला जास्त लागलं.

"मला कळत नव्हतं," मी म्हटलं. "मी सही करायला नको होती."

केतनभाई हसले. "अरे भाई, शुं वात करो छो..."

"मला यातलं काही कळत नाही, केतनभाई. तुम्ही म्हणालात तमे तो जाणो छो, आणि मी मान डोलावली. कळतं ते यांना. यांच्याशी बोला."

शेपूट लागलंच. पण रुपालीने त्याबद्दल काही म्हटलं नाही.

केतनभाईंचा चेहरा बदलला. विकलेला माल परत घेतला जात नाही, भिंतीवर लिहिलंय, म्हणाले. रुपालीने मागच्या वेळी तिला न दिलेली ती खुर्ची स्वतः ओढली, काउंटरसमोर मधोमध ठेवली आणि बसली.

"ठीक. मी बसते."

ती अकरापासून बसली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सरळ गुजरातीत सांगायची, कार्ड घेतलंत तर खोक्यावरचा आणि आतला नंबर जुळवून बघा, माझा जुळला नाही. बस, एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. केतनभाईंनी आधी दुर्लक्ष केलं, मग धमकावलं, पोलिसांना बोलवीन. "बोलवा," ती म्हणाली, "मलाही लिहून द्यायचंय. माझी माय त्या डब्याशेजारी बसली होती." एक कॉलेजातली मुलगी दहा मिनिटं रुपालीला प्रश्न विचारत राहिली आणि काही न घेता गेली. एका माणसाने घेतलेलं खोकं तिथेच उघडलं. त्याचे नंबर जुळले, पण त्याने उघडून पाहिलं, आणि केतनभाईंना तेच सहन झालं नाही.

दुपारी तीनला ते तयार झाले. कार्डाचे आणि पॉवर सप्लायचे पूर्ण पैसे परत. रुपाली म्हणाली, आधी तुमचा चांगला सप्लाय लावून माझा बाकीचा माल चालतो का ते दाखवा. दाखवला. चालत होता. मग त्यांनी गल्ला उघडला, नोटा मोजल्या आणि त्या माझ्या हातात दिल्या.

हे खरं घडलं. चार तास ती बाई समोर बसली होती. बिलावर तिचं नाव होतं. मी सकाळीच त्या दुकानात कबूल केलं होतं की मी अडाणी आहे. तरी त्या माणसाचा हात माझ्याकडेच वळला. आणि माझा हात? तोही पुढे झाला होता. नोटा मुठीत आल्यावर मला कळलं.

मी त्या काउंटरवर आपटल्या. "अहो, त्यांचे आहेत!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या दुकानात ओरडलो असेन. केतनभाई दचकून मागे सरकले. रुपालीने शांतपणे नोटा उचलल्या, पुन्हा मोजल्या, बिलावर "परत मिळाले" लिहून स्वतःची सही केली आणि मला म्हणाली, "आता ओरडून काय उपयोग? शनिवारी ओरडायचं होतंत."

रिक्षात मला रडू येईल असं वाटत होतं, इतका राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. केतनभाईंचा होता, पण माझ्याच हाताचा जास्त होता.

पुढच्या आठवड्यात तिने कतारगामच्या एका दुकानातून कार्ड आणि सप्लाय आणला, एकटीने, काउंटरवर खोकं फोडून, नंबर जुळवून. जोडणीचे पैसे वाचवले, रविवारी सकाळी घरीच सगळं जोडलं. मंगलाबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काय करी ऱ्हायनी तू? परत जळाव नही ना?" आणि प्रत्येक स्क्रू वाटीत सांभाळत होत्या. हे मला ऑफिसात ऐकायला मिळालं, म्हणजे ती शेजारच्या टेबलाला सांगत होती आणि मी ऐकत होतो. माझ्याशी ती तेव्हा फक्त कामाचं बोलायची.

नितीन येऊन गेला म्हणे. पोराच्या अभ्यासाला कॉम्प्युटर उधन्याला न्यावा, तुला कशाला लागतो, असं त्याचं म्हणणं. रुपालीने त्याला काय उत्तर दिलं ते कुणी सांगत नाही, पण भाऊ-बहीण महिनाभर बोलत नव्हते आणि कॉम्प्युटर लिंबायतलाच आहे.

होळीनंतर मी एकदा धीर करून विचारलं, बघायला येऊ का? तिने पडद्यावरचं डिझाइन सेव्ह केलं. मग म्हणाली, "या रविवारी. दुपारी या."

गेलो. खालचे माग धडधडत होते, जमीन पायाखाली थरथरत होती. साधं काळं कॅबिनेट, एकही रंगीत दिवा नाही. रुपाली पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन. मंगलाबाईंनी मला पलंगावर बसवलं आणि चहा दिला. पडद्यावर उजाड शहर होतं आणि ती त्यातून कुणालातरी चुकवत पळत होती. मेली. खच्चून शिवी दिली, मंगलाबाई "पोरी!" म्हणाल्या, तिने ऐकलं नाही. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मेली. तिसऱ्यांदा पुलापर्यंत पोचली. ऑफिसात असतो तोच चेहरा, तेच आवळलेले ओठ, पण अडवायला इथे कुणी नव्हतं आणि ती लढत होती.

पुलावर दोन वाटा फुटल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "डावीकडून जा."

तिने मान वळवली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "चहा प्या," आणि उजवीकडे वळली.